शिवणीतली माया

परवा नात कॉलेजातून आली ती थेट माझ्या खोलीत. "आजी, आमच्याकडे रेट्रो डे आहे. मला सिक्स्टीज लूक करायचाय. तुझ्याकडे तेव्हाचं काही आहे का गं?"

"तेव्हाची मी आहे की," मी म्हटलं.

"तू नाही गं, कपडे!"

तर असा हा विषय निघाला. तिने मोबाइलवर काही तयार कपडे बघून ठेवले होते. मोठमोठ्या ठिपक्यांचा फ्रॉक, कमरेला रुंद पट्टा, डोक्याला रुमाल आणि मांजरीच्या डोळ्यांसारखा गॉगल. मला गंमत वाटली. १९६५ साली मी तेरा वर्षांची होते, चिंचवडगावात राहत होते, आणि असा फ्रॉक मी फक्त सिनेमाच्या जाहिरातीत पाहिला होता.

मग रावेतच्या आमच्या आठव्या मजल्यावरच्या घरात माळ्यावरची ट्रंक खाली आली. ट्रंक आईची. आई १९९८ साली गेली, तेव्हापासून ती तीन घरं बदलत माझ्याबरोबर फिरते आहे, पण तळापर्यंत मी कधी गेले नव्हते. वर वायलचे दोन ब्लाऊज होते, मग एक शाल, आणि सगळ्यांत खाली कडुनिंबाच्या पाल्याचा चुरा झालेल्या एका फडक्यात गुंडाळलेला, गडद हिरव्या सुती कापडाचा, बिनबाह्यांचा एक झगा. खाली बोटभर नाही, चांगला चार बोटं रुंद तांबडा काठ.

नातीने तो अंगाला लावून आरशात पाहिलं आणि ओरडली, "आजी, हाच!"

मी मात्र पलंगावर बसले. त्या झग्याची गोष्ट मला माहीत होती. ती सांगणारच आहे, पण आधी थोडा इतिहास. मास्तरकीची सवय, काय करणार!

आज ज्याला साठच्या दशकाची फॅशन म्हणतात, तिची ओळख एका वाक्यात सांगायची तर कमरेची शिवण गेली आणि कपडा सरळ झाला. त्याआधीच्या दशकात पाश्चात्त्य बायकांचे झगे कमरेला घट्ट आणि खाली भरपूर घेराचे असत. १९५५ साली पॅरिसच्या ख्रिस्तियन दिओरने वर निमुळता आणि खाली रुंदावत जाणारा आकार आणला. इंग्रजी 'ए' अक्षरासारखा, म्हणून तो 'ए लाइन'. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी क्वांटने किंग्ज रोडवर 'बझार' नावाचं दुकान उघडलं आणि पुढच्या दहा वर्षांत तिच्यासारख्यांनी झग्याची उंची गुडघ्याच्या वर नेली. १९६२च्या मार्चमध्ये जॅकलीन केनेडी भारतात आल्या, तेव्हा त्यांचे ते सरळ, बिनबाह्यांचे, एकरंगी झगे वर्तमानपत्रांतल्या छायाचित्रांतून इथे घरोघर पोचले.

पण आमच्यापर्यंत ही फॅशन आली ती पॅरिसहून नाही, सिनेमातून. आणि सिनेमात ती आणणारी बाई होती आपल्या कोल्हापूरची.

भानू अथैया. माहेरच्या राजोपाध्ये. जन्म १९२९चा. वडील अण्णासाहेब चित्रकार आणि छायाचित्रकार. बाबूराव पेंटरांच्या चित्रपटांशीही त्यांचा संबंध होता. वडील लवकर गेले. भानूताई मुंबईला जे. जे. कला महाविद्यालयात शिकल्या, चांगल्या चित्रकार झाल्या, १९५३ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात त्यांची चित्रंही लागली. पण पोटासाठी त्या 'इव्ह्ज वीकली' या स्त्रियांच्या साप्ताहिकात कपड्यांची रेखाटनं करत. त्यातून खरे कपडे बेतायची कामं आली आणि तिथून त्या सिनेमात गेल्या.

१९६५चा 'वक्त' आठवा. साधनाने त्यात घातलेला अंगासरशी बसणारा बिनबाह्यांचा आखूड कुडता आणि खाली चुडीदार, हे भानूताईंचं काम. चुडीदार काही नवा नव्हता, तो उत्तरेत फार जुना. नवा होता तो वरचा कुडता. ढगळ कुडत्याला त्यांनी टक्स घालून आकार दिला, बाह्या काढल्या, गळा खांद्यापर्यंत आडवा नेला. म्हणजे पाहा, कापणी लंडन-पॅरिसच्या झग्याची आणि पोशाख मात्र आपला. त्यानंतर काही वर्षांतच शहरांतल्या कॉलेजांमध्ये मुली तसे कुडते घालू लागल्या. साधनाच्या कपाळावरच्या केसांची गोष्ट त्याआधीची, १९६०च्या 'लव्ह इन सिमला'ची. तो 'साधना कट' आमच्या वर्गातल्या दोघींनी घरच्या कात्रीने करून घेऊन घरच्यांचा मारही खाल्ला होता.

'आम्रपाली'तली (१९६६) वैजयंतीमालाची वस्त्रं त्यांचीच, आणि 'ब्रह्मचारी'तली (१९६८) मुमताजची ती नारिंगी साडीही. ती साडी नेसलेली नाही, शिवलेली आहे. नाचताना सुटू नये म्हणून. पुढे 'गांधी' चित्रपटासाठी जॉन मोलो यांच्याबरोबर त्यांना १९८३ साली ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. आयुष्याच्या शेवटी त्यांना त्या बाहुलीची काळजी वाटू लागली, म्हणून २०१२ साली त्यांनी ती जपून ठेवण्यासाठी अमेरिकेतल्या अकादमीकडे परत पाठवली. २०२० साली त्या गेल्या. शंभरावर चित्रपटांचे कपडे केलेल्या या बाईचं नाव माझ्या नातीला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "म्हणजे ऑस्कर कोल्हापूरला?" मी म्हटलं, "हो, आणि ते कात्री-टेपनं."

तुम्ही म्हणाल, बाई सिनेमाचंच सांगत बसल्या. तर आता चिंचवडला येऊ.

माझे वडील वाईजवळच्या गावाहून पिंपरीला आले ते अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात नोकरीला. १९५४ साली स्थापन झालेला हा सरकारी कारखाना म्हणजे इथल्या उद्योगनगरीची पहिली मोठी वीट. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं, आणि मग भोसरी, चिंचवड, आकुर्डी अशी कारखान्यांची रांगच लागली. पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली १९७० साली आणि महानगरपालिका १९८२ साली. रावेत तर तेव्हा पवनाकाठचं एक शेतीचं गाव. ते महापालिकेत आलं १९९७ साली. आम्ही लहानपणी इकडे यायचो ते फक्त हुरडा खायला.

कारखान्यांबरोबर माणसं आली आणि माणसांबरोबर कपड्यांचे प्रश्न आले. गावात नऊवारी लुगडं नेसणाऱ्या बायका इथे एका ओळीच्या खोल्यांत राहू लागल्या, बसने जाऊ लागल्या, पाण्याच्या नळावर निरनिराळ्या जिल्ह्यांतल्या बायकांना भेटू लागल्या. शेजारी सोलापूरची, पलीकडे केरळची, समोर पंजाबी. त्यात गोल साडी ही सगळ्यांची सामाईक भाषा झाली. माझ्या आईच्या वयाच्या कितीतरी बायकांनी त्या दहा-बारा वर्षांत नऊवारी सोडली. कोणी हौसेनं सोडली, कोणी कुणी हसलं म्हणून सोडली. याची नोंद कुठल्याही सरकारी कागदात नाही, पण ही मोठी घटना होती.

आता नऊ वारांतून सहा वार गेले तर उरतात किती? तीन. गणित सोपं आहे, पण त्या तीन वारांचं काय करायचं हा घरोघरचा प्रश्न होता. तेव्हा कापड काही आजच्यासारखं उफाळून वाहत नव्हतं. १९६४पासून सरकारने गिरण्यांना ठरावीक दराचं 'कंट्रोलचं कापड' काढायला लावलं होतं. चांगलं कापड महाग, म्हणून घरात एकदा आलेलं कापड घराबाहेर जात नसे. लुगडं विरलं की धडकं भाग काढून परकर, त्यातून झबलं, झबल्याचं दुपटं, दुपट्याची गोधडी आणि शेवटी पोतेरं. एका कापडाचे इतके जन्म आम्ही डोळ्यांनी पाहिलेले आहेत. आज याला 'अपसायकलिंग' म्हणतात म्हणे. आम्ही याला संसार म्हणत होतो.

आईचं एक इरकली लुगडं होतं. लग्नातलं. इरकलीचं वैशिष्ट्य असं की तिचा पदर वेगळ्या धाग्याचा असतो. अंग सुती आणि पदर तांबडा रेशमी, आणि विणतानाच उभे धागे एकमेकांत फासे घालून दोन्ही जोडलेले. असा पदर कापता येत नाही, म्हणजे कापू नये. आईने १९६६च्या उन्हाळ्यात ते लुगडं जमिनीवर पसरलं, पदराकडून सहा वार मोजले आणि दुसऱ्या टोकाचे तीन वार कात्रीने वेगळे केले. कापताना तिने आधी कात्री कपाळाला लावली होती, हे मला स्पष्ट आठवतं.

ते तीन वार माझ्यासाठी होते. मी 'वक्त' पुण्याला मामाबरोबर पाहून आले होते आणि महिनाभर एकच धोशा लावला होता की मला साधनासारखा ड्रेस हवा. वडिलांनी चुडीदारला साफ नकार दिला. "पंजाबी पोशाख आपल्यात चालत नाही," एवढंच बोलले. आईने सिनेमा पाहिलेला नव्हता. तिने मला विचारलं, "कसा असतो तो?" मी हातांनी हवेत आकार काढून दाखवला. कमरेला शिवण नाही, बाह्या नाहीत, गळा असा आडवा, दोन्ही बाजूंना खाली जरासा पसरत जाणारा. आईने जुन्या वर्तमानपत्रावर कोळशाने आकृती काढली, माझ्या अंगाला लावून पाहिली, दोनदा खोडली आणि कापड बेतलं.

तिच्याकडे हाताने फिरवायचं जुनं सिंगरचं मशीन होतं. या मशीनचा इतिहासही मोठा मजेचा आहे. एलायस हाउ या अमेरिकन माणसाने १८४६ साली दोन धाग्यांच्या टिपेचं पेटंट घेतलं. १८५१ साली आयझॅक सिंगरने त्यात सुधारणा करून घरात वापरता येईल असं यंत्र केलं, आणि त्याच्या कंपनीने १८५६पासून ते हप्त्यांवर विकायला सुरुवात केली. गांधीजी यंत्रांच्या विरोधात, पण १९२४ साली एका तरुणाशी बोलताना त्यांनी शिवणयंत्राला अपवाद केला. बायकोला हाताने शिवताना कष्ट होतात हे पाहून सिंगरने प्रेमापोटी हे यंत्र केलं, असं त्यांचं म्हणणं होतं. खरं सांगायचं तर सिंगरसाहेबांचं चरित्र इतकं प्रेमळ नव्हतं. त्यांचे एका वेळी अनेक संसार चालू होते आणि मुलं वीसच्या वर! पण गांधीजींचा मुद्दा खोटा नाही. यंत्र कोणी कशासाठी काढलं यापेक्षा ते घरात कोणाच्या हातात जातं याला महत्त्व आहे. आमच्याकडे ते आईच्या हातात होतं. पुढे कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सची 'उषा' मशीनं घरोघर झाली, पण आईने आपली सिंगर सोडली नाही.

तर दोन दिवसांत झगा तयार झाला. टक्स अगदी बेतशीर, गळ्याला आतून उरेब पट्टी, आणि खाली लुगड्याचाच तांबडा काठ. कुडता म्हणावा तर खाली चुडीदार नाही, फ्रॉक म्हणावा तर चुण्या नाहीत. घरात त्याला नावच पडलं नाही. मी मात्र खूश होते.

तो घालून मी एकदाच शाळेत गेले. वार्षिक कार्यक्रम होता. वर्गातली एक मुलगी मोठ्याने म्हणाली, "अय्या, हिने आईचं लुगडं घातलंय!" काठावरून ओळखलं तिने. सगळ्या हसल्या. त्यात वाईट असं फार नव्हतं, मुली हसतातच. मी शिक्षिका झाल्यावर असं हसणं शेकडो वेळा पाहिलं आणि दर वेळी मध्ये पडले. पण त्या दिवशी मध्ये पडणारं कोणी नव्हतं.

घरी येऊन मी झगा काढून भिरकावला आणि म्हणाले, "मला असलं जुन्याचं काही नको. मला टेरिलीनचा फ्रॉक हवा."

टेरिलीन! त्या शब्दाला तेव्हा काय वजन होतं ते आज सांगून कळणार नाही. १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोन रसायनशास्त्रज्ञांनी हा धागा शोधला. न चुरगळणारं, इस्त्री न मागणारं, धुतल्यावर तासात वाळणारं कापड. १९६५च्या सुमारास ठाण्यात 'टेरीन' या नावाने हा धागा निघू लागला. इकडे आमच्या भोसरीत नायलॉनचा धागा काढणारा सेंच्युरी एन्काचा कारखाना आला, ती कंपनीही १९६५चीच. म्हणजे ज्या धाग्याने लुगड्यांना आणि गोधड्यांना मागे सारलं, तो धागा आमच्या उशाशीच तयार होऊ लागला होता. लग्नात नवऱ्यामुलाला टेरिलीनचा शर्ट म्हणजे सासरा मोठा. उन्हाळ्यात त्या शर्टात माणूस उकडून निघे, पण काढत नसे.

आईने त्या दिवाळीला पिंपरी कॅम्पातून टेरिलीनचं गुलाबी कापड आणलं. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी उभा केलेला हा बाजार, कापडासाठी आजही आम्ही तिथेच जातो. त्या कापडाचे पैसे आईने शेजारणींचे ब्लाऊज शिवून जमवले होते, हे मला पुढे फार उशिरा कळलं. गुलाबी फ्रॉक मी दोन वर्षं मिरवला. एकदा कोळशाच्या इस्त्रीने त्याला भोक पडलं आणि तो संपला. टेरिलीनचं तसंच असतं. सुती कापड तांबूस होऊन सांगतं की आता थांब. टेरिलीन काही सांगत नाही, एकदम वितळतं.

हिरव्या झग्याबद्दल आई मला एका शब्दाने बोलली नाही. तिने तो उचलला, घडी केली आणि ठेवून दिला. उरलेलं सहा वार इरकल ती पुढे कितीतरी वर्षं नेसली. त्याची गोधडी झाली आणि ती माझ्या मुलाच्या अंगाखाली गेली.

असो. आता आजच्या कामाकडे वळू.

नातीला तो झगा होणार कसा? ती अठरा वर्षांची, तो तेरा वर्षांच्या मुलीचा. मी म्हटलं, आधी उलटा करून बघू. जुना कपडा सुधारायला घ्यायचा तर पहिला नियम हाच, की तो आतून बघायचा. बाहेरून कपडा काय आहे ते कळतं, आतून तो काय होऊ शकतो ते कळतं.

उलटा केला आणि मी बघतच राहिले. दोन्ही बाजूंच्या शिवणींत दीड-दीड इंच कापड दुमडून ठेवलेलं होतं. खालची मुडप चांगली पाच इंचांची. शिवणीत असं जास्तीचं कापड सोडतात, त्याला आपल्याकडे शिंपी 'माया' म्हणतात. माहीत आहे ना तुम्हाला हा शब्द? "मास्तर, जरा माया ठेवा, पोरगी वाढतीय," असं दुकानात उभं राहून म्हटलेलं मी शंभरदा ऐकलंय. तीस वर्षं मराठी शिकवलं, शब्दांचे अनेक अर्थ फळ्यावर लिहून दिले, पण या शब्दाचा हा अर्थ मुलांना द्यायचं कधी सुचलं नाही.

आणि त्या मायेत आणखी एक गोष्ट होती. मूळ टिपेच्या बाहेर, अर्ध्या-अर्ध्या इंचावर, पांढऱ्या धाग्याने घातलेल्या धावदोऱ्याच्या दोन रेघा. आधी वाटलं, चुकून राहिलेली कच्ची टीप असेल. मग लक्षात आलं. या पुढच्या खुणा होत्या. चौदाव्या वर्षी टीप इथे न्यायची, पंधराव्या वर्षी इथे. मी पंधरा वर्षांची होईपर्यंतचा हिशेब आईने शिवणीत घालून ठेवला होता. त्यातलं मी एक वर्षही वापरलं नाही.

नातीने विचारलं, "आजी, रडतेस का?" मी म्हटलं, "सुई टोचली." हातात सुई नव्हती, पण ती शहाणी आहे, काही बोलली नाही.

मग आम्ही तीन दिवस काम केलं. कोणाला असं काही करायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून सांगते. आधी कापड उजेडासमोर धरून पाहायचं. घडीच्या रेघेवर उजेड जास्त दिसला तर तिथे ते विरलेलं आहे. मग मायेतला एक धागा काढून जाळून बघायचा. कागदासारखा जळून राख झाली तर सुती, वितळून टोकाला कडक मणी झाला तर टेरिलीन किंवा नायलॉन. त्यावरून इस्त्री किती गरम ठेवायची ते ठरतं. टीप उसवताना ओढायचं नाही, तीन-चार टाके सोडून एकेक कापायचा आणि उलट बाजूने धागा काढायचा. रंग जातो का ते मायेचाच एक कोपरा भिजवून बघायचं.

मुडप उलगडली तेव्हा आतला हिरवा रंग बाहेरच्यापेक्षा कितीतरी गडद निघाला. १९६६चा हिरवा! माझी तेरा वर्षांची आठवण खरी होती तर. दोन्ही रंगांमध्ये जी रेघ दिसत होती ती कशी लपवायची हा प्रश्न आला. त्यावर पातळ तांबडा गोट लावायचं ठरलं. नात म्हणाली, "नको आजी, ती रेघ राहू दे. तीच भारी आहे." मला पटलं नाही, पण कपडा तिचा आहे. रेघ राहिली.

छातीत बाजूच्या मायेतून पाच इंच मिळाले. टक्स उसवून अर्धा इंच खाली घेतले, कारण तेरा वर्षांच्या मुलीचे टक्स अठराव्या वर्षी बसत नाहीत. मुंढा जरा खोल केला. कापड जुनं, ताण बसला तर फाटेल, म्हणून पिंपरीहून मलमल आणून पूर्ण अस्तर लावलं. पाठीला चेन न लावता कापडी काजांची पट्टी केली, चेनच्या वजनाने जुनं कापड ओढलं जातं.

राहिला चुडीदार. नात म्हणाली, लेगिंग आहे माझ्याकडे. मी म्हटलं, साठचं दशक हवंय ना, मग उरेबच. चुडीदार तिरक्या कापडावर बेततात. सरळ कापड ताणलं जात नाही, तेच तिरकं धरलं तर पायाबरोबर वळतं. त्यासाठी आधी कापडाची थैली शिवतात आणि ती तिरकी उलगडून कापतात. पॅरिसमध्ये मादलेन व्हियोने या बाईने १९२०च्या दशकात तिरक्या कापणीचे झगे करून नाव मिळवलं. आपले शिंपी ते विजारीसाठी त्याच्या कितीतरी आधीपासून करत होते. १९५८ साली अमेरिकेत ताणला जाणारा स्पॅन्डेक्स धागा निघाला, पुढे तो सगळ्या कपड्यांत शिरला आणि थैलीची गरज संपली. आमच्या भागातल्या चार दुकानांत विचारलं, थैलीचा चुडीदार शिवणारं कोणी भेटलं नाही. शेवटी आठवून आठवून मीच कापला. पहिला चुकला. दुसरा जमला.

रेट्रो डेच्या सकाळी नात तो घालून समोर उभी राहिली. गडद हिरवा आखूड कुडता, तांबडा काठ, खाली पांढरा चुडीदार, पायाशी चुड्या. मी साठ वर्षांपूर्वी हवेत हातांनी काढून दाखवला होता तोच पोशाख, अर्धा आईने केलेला आणि अर्धा मी. घरी आल्यावर मी भीतभीतच विचारलं, "कोणी काही म्हणालं का?"

"हो ना! सगळ्या विचारत होत्या, ही बॉर्डर कुठे मिळाली? मी सांगितलं, माझ्या पणजीच्या साडीची आहे."

ज्या काठावरून मला हसल्या, त्याच काठावरून हिचं कौतुक झालं. यात मुली सुधारल्या असं काही नाही. तेव्हा घराघरांत लुगडी होती आणि टेरिलीन नव्हतं, आता टेरिलीनचे नातलग घराघरांत आहेत आणि लुगडं नाही. जे सरलं त्याची फॅशन होते. हे कळायला मात्र मला वयाची सत्तरी ओलांडावी लागली.

नंतर एक दिवस सहज म्हणून मी नातीचं कपाट उघडून तिचे नवे कुडते आतून पाहिले. ओव्हरलॉकची दाट टीप आणि तिच्यापलीकडे काही नाही. ते यंत्र टीप मारता मारताच जास्तीचं कापड कापून टाकतं. कारखान्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, एका कुडत्यामागे इंचभर कापड म्हणजे लाखभर कुडत्यांमागे केवढं झालं! ज्याने तो कापला त्याला तो कोण घालणार हे माहीत नसतं, आणि ती वाढेल की वाळेल याची काळजी त्याने का करावी? पण त्यामुळे हे कपडे पुढे कशातच बदलता येणार नाहीत. साठ वर्षांनी कोणाला आजचा पोशाख हवा झाला तर ट्रंकेत उलटं करून बघण्यासारखं फार काही सापडणार नाही.

म्हणून एवढंच सुचवते. शिंप्याकडे अजून काही शिवत असाल, तर माप देताना इंचभर माया ठेवायला सांगा. तो म्हणेल, "मॅडम, फिटिंगला जाड होतं." म्हणू द्या. माझ्या नातीने परवा नव्या ब्लाऊजचं कापड टाकताना सांगितलं. शिंपी तरुण होता, त्याला शब्द कळला नाही. तिने बोटाने दाखवलं.